मंकी, डिझेल आणि धोंड्याचं जेवण

"सायेब, आज जेवायची सुट्टी कवा हुईल?"

सकाळचे आठही वाजले नव्हते. खाडीच्या काठावर दोन पाइलींच्या मधोमध खुर्ची टाकून मी नुकताच बसलो होतो आणि आनंदा मुकादमाची बायको गजराबाई डोक्यावरचा पदर सावरत माझ्यापुढे उभी होती.

"आज सुट्टी कसली मावशी? आज चाचणी आहे. काम एकदा सुरू झालं की थांबायचं नाही."

"आन् थांबलं तर?"

"थांबवणाऱ्यानं आपलं आपण बघायचं. घड्याळ चालूच राहणार. बड्या साहेबांचा हुकूम आहे."

तिनं मान हलवली, जणू मी भाजीचा भाव सांगितला होता आणि तो तिला पटला नव्हता. "परवा अमुशा. धोंड्याचा म्हैना सपला. फुडला धोंडा तीन वर्सांनी," एवढंच म्हणाली आणि आपल्या पत्र्याच्या खोलीकडे निघून गेली. खोली म्हणजे काय, मुकादमाच्या विंचपासून हाक मारली तर ओ देता येईल एवढ्या अंतरावर चार पत्रे उभे केलेले.

मला तेव्हा चोवीसावं वर्ष लागलं होतं, लग्न झालेलं नव्हतं आणि अधिक महिन्याशी माझा संबंध पंचांगापुरताच होता. माझ्या डोक्यात फक्त चाचणी होती.

त्या खाडीवर आमची कंपनी पूल बांधत होती. पूल चिखलावर उभा राहत नाही. त्यासाठी काँक्रीटचे लांबलचक खांब, म्हणजे पाइली, खाली घट्ट थर लागेपर्यंत ठोकत न्याव्या लागतात. ठोकायची दोन साधनं आमच्याकडे आली होती. एक होती आनंदा मुकादमाची मंकी. ही मंकी झाडावर चढत नसे. तो एक ओबडधोबड लोखंडी ठोकळा होता, विंचनं, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रानं, वर उचलायचा आणि सोडून द्यायचा. धप्प. मग पुन्हा उचलायचा. दुसरा होता नवा डिझेल हॅमर. त्यातला जड दट्ट्या पाइलीवर आदळला की डिझेल पेट घेतं, तो परत उसळतो, पुन्हा आदळतो. माणसानं फक्त पहिल्यांदा उचलून द्यायचा, पुढं तो आपला आपण नाचतो. बड्या साहेबांना कळेना कुणाला काम द्यावं. म्हणून त्यांनी ठरवलं की दोघांनी एकाच दिवशी, एकाच मापाची एकेक पाईल शेजारी-शेजारी ठोकायची. पाइलीवरच्या ठरलेल्या खुणेपर्यंत जो आधी पोचेल आणि पाइलीचं डोकं न फोडता पोचेल, त्याला पुलाच्या सगळ्या पाइली. दुसऱ्यानं गाशा गुंडाळायचा. पावसाळा महिन्यावर आला होता, दोघांना पोसायला वेळ नव्हता.

एवढंच असतं तर मी आज ही गोष्ट सांगायला बसलोच नसतो. पण डिझेल हॅमर चालवणारा हणमंत पिसाळ हा आनंदा मुकादमाचा सख्खा जावई होता.

हणमंत शिकला मुकादमाच्याच हाताखाली. मंकीचा दोर ओढता ओढता मोठा झाला, मुकादमानं त्याच्यातलं पाणी ओळखून आपली शालन त्याला दिली. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच हा पठ्ठ्या कुणालाही न विचारता डिझेल हॅमरवाल्यांकडे निघून गेला. मुकादम एवढंच म्हणाला होता, "गेला तिकडंच ऱ्हावं." त्या एका वाक्यावर दोन वर्षं गेली होती. शालनला माहेरचा उंबरा बंद झाला नव्हता, पण नवऱ्याला बोलावणं नाही तिथं आपण कशाला जायचं, असं तिचं म्हणणं. बापाची पोरगी होती ती. आणि योगायोग असा की दोन वर्षांनी दोन्ही बिऱ्हाडं एकाच खाडीवर आली, सासऱ्याचं अलीकडच्या काठाला, जावयाचं पलीकडच्या. रोज सकाळी जावई होडीतून अलीकडे यायचा, सासऱ्याच्या दारावरून जायचा आणि दोघंही एकमेकांना बघितलंच नाही असं दाखवायचे. सगळ्या साइटला ही करमणूकच झाली होती.

आठच्या ठोक्याला मी शिट्टी वाजवली.

मुकादमाची मंकी लगेच कामाला लागली. विंचवर भिकू होता, मुकादमाच्या गावचाच. मुकादम पाइलीजवळ उभा राहून नुसता हात वर करायचा, भिकू मंकी उचलायचा. हात खाली, की भिकू क्लच सोडायचा. दोघांत शब्द म्हणून नाही. मऊ चिखलात पाईल सुरेख उतरत होती.

तिकडे डिझेल हॅमरचं घोडं अडलं. त्या यंत्राला खालून उलटा मार लागतो. पाईल अडली पाहिजे, तरच दट्ट्या उसळतो. इथं पाईल चिखलात नुसती सरकत होती, त्यामुळे डिझेल पेट घ्यायलाच तयार नव्हतं. हणमंत दट्ट्या उचलायचा, सोडायचा. भस्सकन काळा धूर यायचा आणि सगळं शांत.

"नमनालाच घडाभर डिझेल!" भिकू विंचवरून ओरडला. मुकादमाची माणसं खो खो हसली. मुकादम हसला नाही. तो हणमंताच्या हॅमरकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते मला तरी आनंदासारखं दिसलं नाही.

हणमंत घामानं निथळत होता. मी जवळ गेलो तेव्हा हळूच म्हणाला, "सायेब, खालचा घट्ट थर लागू द्या. मग बघा."

त्याचं खरं होतं. बाराच्या सुमाराला त्याची पाईल घट्ट मातीत शिरली आणि हॅमरनं एकदम सूर धरला. ताड, ताड, ताड. कानठळ्या बसायला लागल्या. मंकीचा एक ठोका पडेपर्यंत याचे दहा-बारा पडत होते. पण सकाळ फुकट गेली होती. मुकादमाच्या पाइलीला खुणेपर्यंत तीनच फूट राहिले होते. हणमंताला अजून दहा-बारा जायचे होते. मी हिशेब केला, दोघं असेच चालले तर मुकादम थोडक्यात पुढं राहील. मला मनातून बरंच वाटलं. मुकादमाच्या टोळीत त्याच्या गावची डझनभर घरं होती, आणि तो माणूस मला आवडायचा.

तेवढ्यात गजराबाई आली. नवं लुगडं नेसलेली, हातात तबक, तबकात हळदी-कुंकू आणि सुपारी. ती माझ्याकडे आली नाही, नवऱ्याकडेही गेली नाही. तडक डिझेल हॅमरपाशी गेली आणि त्या गोंगाटात जावयापुढे तबक धरून उभी राहिली.

हणमंतानं डिझेलच्या दोरीवरचा हात काढला नाही, पण मान खाली घातली.

"पावनं," ती मोठ्यानं म्हणाली, कारण हळू बोलून ऐकूच गेलं नसतं, "धोंड्याचं वान हाय. अनारसं केल्यात, धोंडं केल्यात. शालनला सांगावा धाडलाय, ती होडीत बसली आसंल. चला."

"आत्याबाई, आत्ता? काम चालू हाय. ह्यो हॅमर..." त्यानं हातानंच दाखवलं.

"मला कामातलं कळत न्हाई. मला म्हैना कळतो."

भिकूनं विंचवरून मला डोळा मारला. मला त्या क्षणी सगळं लख्ख दिसलं, किंवा दिसलं असं वाटलं.

त्या खाडीच्या चिखलाची एक खोड होती. ठोके पडत असतात तोवर तो पाइलीला वाट देतो. ठोके थांबले की तास-दीड तासात तिला असा बिलगतो, जशी रुसलेल्या पोरानं चौकट धरावी. मग ती हलता हलत नाही. मला हे पुस्तकात सापडलं होतं, सासऱ्या-जावयांना हातानं. हणमंतानं आत्ता हॅमर बंद केला, जेवून आला, तर पाईल चिकटलेली असणार; शिवाय ते यंत्र पुन्हा पेट घेईपर्यंत सकाळसारखी दमछाक. आणि तोवर मुकादमाचे तीन फूट कधीच संपलेले. जावई पानावर, सासरा खुणेवर! नकार द्यावा तर धोंड्याच्या महिन्यात सासूच्या हातचं वाण परतवल्याचं पाप, आणि दोन वर्षांनी उघडलेलं दार कायमचं बंद. सासूला पुढं करून मुकादमानं काय डाव टाकला होता! मला त्याचा थोडा रागच आला.

होडी काठाला लागली. शालन उतरली. हिरवी साडी, हातभर बांगड्या, पण चेहरा उतरलेला. तिला सगळं समजलं होतं. पाइलींच्या घरात जन्मली आणि पाइलींच्याच घरात नांदत होती. ती आईजवळ जाऊन उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमी हात काडू नका. आई, ह्यास्नी काम करू दे. मी एकटी येती."

"एकटीला जेवाय घालायला हे काय डव्हाळजेवण हाय?" गजराबाई म्हणाली. तिचा आवाज आता कापत होता.

हणमंतानं माझ्याकडे बघितलं. "सायेब, घड्याळ थांबणार?"

"नाही रे," मी म्हटलं. माझ्या हातात असतं तर थांबवलं असतं, आणि हे मी त्याला सांगितलंही.

तो क्षणभर पाइलीवरच्या खुणांकडे बघत राहिला. मग त्याच्या मनाचं काय झालं कुणास ठाऊक. त्यानं दोरी ओढली. डिझेल तुटलं, दट्ट्या दोनदा धापा टाकल्यासारखा हलला आणि बसला.

"चल," तो शालनला म्हणाला. "गेलं तर गेलं. आत्याबाईंनी एवढं केलंय."

आणि सगळ्या काठावर फक्त मंकीचा ठोका उरला. धप्प. भिकूच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. मुकादमाचा हात वर गेला, मंकी वर गेली. हात खाली आला, धप्प. पुन्हा हात वर गेला. मंकी वर गेली.

हात तसाच वर राहिला.

"मुकादम?" भिकू ओरडला.

"हळू खाली घे," मुकादम म्हणाला. "पाइलीवर टेकव. आन् विंच बंद कर."

"आवो तीन फूट ऱ्हायलंय! तीन फूट!"

"मला दिसतंय."

"आता थांबली तर चिकटंल. घास तोंडाशी आलाय मुकादम. आमी बारा घरं हाव, आमच्याकडं बघा."

"भिकू," मुकादम शांतपणे म्हणाला, "बंद कर म्हन्लं न्हवं."

विंच थांबली. मी खुर्चीवरून उठलो होतो ते मला नंतर कळलं. मुकादमानं पाण्याच्या पिंपावर हातपाय धुतले, पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळला. "सायेब, तुमीबी चला. मेसचं रोजचंच हाय."

पत्र्याच्या खोलीत आम्ही सगळे कसेबसे मावलो. गजराबाईनं जावयाचे पाय धुतले, कपाळाला कुंकू लावलं. ताटात तेहतीस अनारसे रचलेले, त्यावर दिवा. शालननं तो हातात घेतला आणि तिचे डोळे भरून आले. आईनं तिच्या पाठीवर थाप मारली, "आगं, दिवा सांबाळ, पत्रा पेटवशील." तेवढंच काय ते हसू झालं.

पानं वाढली. पुरण भरलेले धोंडे, वर तुपाची धार. सासरा एका भिंतीला, जावई समोरच्या. दोन वर्षं न बोललेली माणसं अशी समोरासमोर बसली की ताटातलं मीठसुद्धा मोठा विषय होतं.

"मीठ?" मुकादमानं विचारलं.

"बराबर हाय," हणमंत म्हणाला.

हणमंतानं पहिला घास उचलला आणि तसाच ताटात ठेवला. शेवटी म्हणाला, "मामा, तुमची तीन फुटाची पाईल..."

"जेवताना कामाचं काडू नये."

"पर मामा, मी तर थांबणारच हुतो. तुमी कशाला..."

"गजरे," मुकादम बायकोला म्हणाला, "पावन्याच्या ताटात धोंडा वाड. त्यो बोलतोय म्हंजी भूक ऱ्हायलीय."

शालन तोंडाला पदर लावून हसली. मग हणमंतही हसला. आणि मग मात्र तो जेवला. तसा जेवणारा माणूस मी त्यानंतर फारसा बघितला नाही. गजराबाई वाढत होती, तो नाही म्हणत नव्हता, आणि बाहेर खाडीवर सगळं गप्प होतं. मुकादम कधी नव्हे ते विषय काढत होता. गावची विहीर, थोरल्या भावाचा बैल, कुणाचं कुठं जमलं. मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. त्या दोघांनीही तेच केलेलं दिसत होतं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती.

दोन्ही पाइली चिकटून बसल्या होत्या. मुकादमानं हात वर केला, खाली केला. धप्प. पाईल जागची हलली नाही. पुन्हा धप्प. पुन्हा. पाइलीच्या डोक्यावर ठेवलेल्या लाकडी ठोकळ्यातून धूर निघायला लागला. दहा ठोक्यांत ती बोटभरही जाईना.

"उंच उचलू का?" भिकूनं विचारलं. त्याचा आवाज रडवेला होता.

"न्हाई. डोकं फुटंल तिचं. हाय तेवढंच."

तिकडे हणमंत दट्ट्या उचलत होता. त्याचा चेहरा मी बघितला. जिंकायची आशा सोडलेला माणूस होता तो, सकाळसारखं धूर-धूर करत बसायचं एवढंच त्याला माहीत होतं. त्यानं दट्ट्या सोडला.

ताड!

पहिल्याच फटक्याला पेट घेतला. सकाळी त्या यंत्राला उलटा मार मिळत नव्हता. आता चिखलानं पाइलीला गच्च धरून ठेवलं होतं, आणि हॅमरला तेच पाहिजे होतं. ताड, ताड, ताड. पाईल आधी हट्टानं उभी राहिली, मग तिनं हार खाल्ली आणि खुणा एकामागून एक चिखलात शिरायला लागल्या. ज्या जेवणानं जावई बुडणार असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, त्या जेवणानं सासरा बुडाला.

हणमंताची पाईल खुणेला टेकली तेव्हा मुकादमाची अजून दीड फूट वर होती. मी दोन्ही डोकी तपासली. दोन्ही शाबूत. मी शिट्टी वाजवली.

हणमंतानं ना आरोळी ठोकली, ना माणसांना मिठ्या मारल्या. हॅमर बंद करून तो माझ्याजवळ आला. "सायेब, मामांची सगळी मानसं मला लागतील. मला यंत्र येतं, पाईल सरळ धरायला त्यांच्यासारखं कुनाला येत न्हाई. मामांनाबी म्हना. मला तोंड न्हाई मागायला."

मुकादम आपल्या विंचपाशी एका ओंडक्यावर बसला होता. भिकू आणि बाकीची माणसं लांब घोळका करून उभी होती, कुणी त्याच्याजवळ जात नव्हतं. मी जाऊन शेजारी बसलो आणि निरोप सांगितला.

त्यानं ऐकून घेतलं. त्याचे खांदे जरा सैल झाले. "मानसं घेऊ दे. देव भलं करंल त्येचं. भिकूला मी समजावतो, डोकं गरम हाय पर हात चांगलाय. मी न्हाई ऱ्हात."

"का? तो मनापासून म्हणतोय."

"म्हनूनच. मी त्येच्या हाताखाली आलो तर त्यो मला हुकूम द्यायचा न्हाई, आन् मी चुकलो तर बोलायचा न्हाई. असं काम हुतं व्हय? आन् मदी शालनचा जीव टांगनीला. मला मंकीची कामं मिळतील की कुटंतरी. बारकी."

मला राहवलं नाही. चोवीसाव्या वर्षी माणसाला राहवत नसतं. "मुकादम, खरं सांगा. मला वाटलं होतं, मावशींना तुम्हीच पाठवलंत. त्याला अडकवायला."

तो माझ्याकडे बघून हसला, राग न येता. "आमच्या भिकूलाबी तसंच वाटलं. हणमंतालाबी वाटलंच आसनार. तिनं मला इचारलंसुदिक न्हाई, सायेब. इचारलं आसतं तर मी म्हन्लो असतो, आज नगं. तिला ठावं हुतं मी काय म्हननार, म्हनून इचारलं न्हाई."

"मग तुम्ही थांबलात का? तुमच्यावर तर कुणाची सक्ती नव्हती. तो जेवायला गेला होता, तुमचे तीनच फूट होते. तुम्ही ठोकत राहिला असता, तर कुणी काही म्हणालं नसतं. चिखल धरतो हे तुम्हाला माहीत नव्हतं असं तर मी समजूच शकत नाही."

मुकादमानं पत्र्याच्या खोलीकडे बघितलं. दारात शालन आईजवळ बसली होती, दोघी मिळून खरकटी भांडी घासत होत्या आणि दोघी एकाच वेळी बोलत होत्या.

"सायेब, ही खोली हितं, मंकी हितं," तो म्हणाला. "ठोका पडला की आमच्या ताटातली वाटी हलती. ठोके चालू आसताना तुमी बसला न्हाई कवा हितं जेवाय, तुमाला न्हाई म्हाईत. दोन वर्सांनी जावई पानावर बसला हुता. त्येच्या घासाघासाला मी त्येला हरवत बसू?"

मग त्यानं गुडघ्यावर हात टेकले, उठला आणि विंच उतरवायला सांगायला माणसांकडे गेला.